‘इतर कारणे’च्या रकान्यात

कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या दप्तरात, ज्या काळी पोलादपूर हा स्वतंत्र तालुका नसून महाडच्याच मुलखाचा एक डोंगराळ कोपरा म्हणून गणला जात होता त्या काळी, गावोगावच्या पाटलांनी जन्ममृत्यूची जी नोंद ठेवून तालुका कचेरीत रुजू करावी असा सरकारी दंडक होता, तिच्यात मृत्यूच्या कारणांसाठी मोजकेच रकाने आखलेले असत. पटकी, देवी, ताप, हगवण व पोटाचे विकार, अपघात, पुढे प्लेगाची साथ आल्यावर प्लेग, आणि या सर्वांच्या शेवटी ‘इतर कारणे’. जो रोग साथीने येऊन गावेच्या गावे उजाड करी आणि ज्याच्या भयाने कचेरीचा कारभार हादरे, त्या रोगास दप्तरात नाव होते. जो रोग एका घरात शिरून एकाच बाईला वर्ष-दोन वर्षे आतून पोखरीत राही आणि तिच्याबरोबरच संपे, त्यास नाव नव्हते. स्तनाचा कर्करोग हा असा रोग आहे. सावित्री नदीच्या खोऱ्यात त्याने ज्या स्त्रिया नेल्या त्या या शेवटच्या रकान्यात गेल्या, अथवा अखेरच्या दिवसांत अंगात ज्वर भरला असल्यास ‘ताप’ या रकान्यात गेल्या, आणि तेथे त्यांची हकीकत संपली.

लिहिणाऱ्या पाटलास यात दोष देता येत नाही. त्याला कोणी काही सांगितलेलेच नसे. कापडे, उमरठ किंवा कुडपण यांसारख्या गावांत, जेथे बाईचा दिवस कोंबड्याच्या आरवण्यापूर्वी जात्यावर सुरू होई आणि डोक्यावर पाण्याचे हंडे व लाकडाच्या मोळ्या वाहण्यात मावळे, तेथे न्हाणीच्या अंधारात अंग चोळताना एखादे दिवशी तिच्या हाताला वाटाण्याएवढी गाठ लागली, तर ती प्रथम हेच पाही की ती दुखते काय. आणि ती दुखत नसल्यामुळे, नाचणीची लावणी होऊन जाऊ दे, मग भातकापणी होऊ दे, मग लेकीचे लग्न उरकू दे, अशा रीतीने एकामागून एक कामे त्या गाठीच्या पुढे उभी राहत आणि प्रत्येक काम तिच्याहून निकडीचे ठरे. घरचा पुरुष बहुधा मुंबईला गिरणीत. सासूला सांगावे तर शब्द सापडत नसे, कारण या अवयवाचे नाव घेण्याची आमच्या घरांत चाल नाही. तान्हे मूल अंगावर पीत असेतोवर त्याचा उल्लेख चारचौघींत निःसंकोच होतो आणि मूल तुटले की तो पदराआड जातो. मग ‘छाती’ म्हणावयाचे, आणि छातीत दुखते म्हटले की ऐकणाऱ्यास खोकला आठवावयाचा. गाठ लिंबाएवढी होई, कातडी ओढली जाऊन संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत दिसू लागे, बोंड आत खेचले जाई, काखेत दुसरी गाठ येई, आणि शेवटी जखम होऊन तिला वास सुटला म्हणजे तिचे गुपित घरास कळे. तोवर हळदीचे लेप झालेले असत, भगताचा अंगारा झालेला असे.

आमच्या प्राचीन वैद्यकास ही व्याधी अज्ञात होती असे मात्र नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची व गलगंड यांच्या शेजारी अर्बुदाचे जे वर्णन आले आहे, ते वाचताना त्या निरीक्षकाच्या दृष्टीच्या अचूकपणाचे नवल वाटल्यावाचून राहत नाही: अर्बुद वाटोळे असते, एका जागी स्थिर असते, त्याचे मूळ खोल असते, ते सावकाश वाढते, पिकत नाही, आणि त्याची वेदना अल्प असते. या सर्व लक्षणांत शेवटचे लक्षण मला सर्वांत भयंकर वाटते. गळू ठणकते म्हणून त्याच्याकडे धाव घेतली जाते. अर्बुद मुके असते म्हणून त्याला वाढावयास वेळ मिळतो. ‘कर्करोग’ हा शब्द ग्रीक वैद्यांनी दिलेल्या खेकड्याच्या उपमेवरून आपल्याकडे आलेला. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या भासल्या. पहिल्या पावसात बांधावर खेकडे धरावयास गेलेल्या या खोऱ्यातील पोरांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. नांगी एकदा रुतली म्हणजे ती सहजी सुटत नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते.

याच खोऱ्यातील गोठ्यांत मात्र एक निराळी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि या विषयाचा विचार करताना ती माझ्या मनातून जात नाही. गाय व्याली की घरची बाई रोज दोन वेळा तिच्या कासेवरून हात फिरविते. एखादा सड कोमट लागला, एखादी बाजू घट्ट झाली, दुधात गुठळी आली की त्याच सांजेला घरात वर्दी जाते की गाईला ‘दगडी’ झाली. त्यासाठी कोणी वैद्य लागत नाही. रोजच्या स्पर्शाने हाताला काय नेहमीचे आहे हे कळलेले असते, म्हणून काय निराळे आहे तेही तत्काळ कळते. जी बाई गाईच्या कासेतील काठिण्य एका दिवसात ओळखते, तीच स्वतःच्या अंगातील गाठ वर्षभर उरी बाळगते. आणि याचे कारण तिचे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. गाईचे दुखणे सांगण्यास तिला भाषा होती, ऐकणारा माणूस होता, आणि गाय आटली तर घराचे नुकसान होईल हे घराला मान्य होते.

वेदना आणि वेळ यांचा संबंध काय असतो, याचा एक थोर धडा महाडच्याच भूमीवर लिहिला गेला आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणातील लाल विंचवाचा दंश झालेली माणसे, विशेषतः मुले, घामाने निथळत, हातपाय गार पडून, फुप्फुसांत पाणी भरून त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. पुस्तकांत यावर उपाय नव्हता. रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी केल्या, त्या ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य नियतकालिकापर्यंत पोहोचविल्या, आणि पुढे प्रॅझोसिन या रक्तदाबावरील साध्या औषधाचा उपयोग करून, ज्या दंशाने शेकडा ४० रोगी दगावत, त्याने दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आणले. या यशाचा कर्ता ते औषध व तो वैद्य हे तर खरेच. परंतु विंचवाने आपल्या परीने साहाय्य केले होते असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही, कारण विंचू डसताच माणूस किंचाळतो आणि त्याला खांद्यावर टाकून चार माणसे रात्रीच्या रात्री दवाखान्याकडे धावत सुटतात. मुक्या गाठीसाठी कोणी धावत नाही. तिच्या बाबतीत रोग्याने वैद्याकडे येण्याची वाट पाहत बसणे म्हणजे रोगाला मुदत वाढवून देणे आहे, आणि लवकर निदानाचा जो इतिहास गेल्या शंभर वर्षांत घडला तो सारा हा उलटा प्रवास शिकण्याचा, म्हणजे वैद्यकाने तक्रार नसलेल्या बाईच्या दारी जाण्याचा, इतिहास आहे.

महाडचे नाव घेतल्यावर १९२७ साल आठवणे क्रमप्राप्तच आहे. मार्चाच्या २० तारखेस चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, डिसेंबरात डॉ. आंबेडकर परिषदेसाठी बोटीने निघून दासगावी उतरले आणि तेथून महाडास आले. ती परिषद आटोपल्यावर महाडातच भरलेल्या सभेत त्यांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले आणि त्यांची वस्त्रे, दागिने, स्वच्छता, मुलींचे शिक्षण यांविषयी त्यांच्याशी थेट बोलले; दुसऱ्या दिवशी अनेक स्त्रियांनी लुगडे नेसण्याची आपली जुनी रीत बदलली. या प्रसंगाचा कर्करोगाशी काही संबंध नाही हे मी जाणतो. परंतु बाईच्या देहाविषयी, त्याच्या मानाविषयी, भर सभेत आणि तिच्याच तोंडावर आदराने बोलता येते, हे या गावाने एकदा पाहिलेले आहे. एवढ्यासाठी तो येथे नोंदवावासा वाटला.

दासगावपर्यंत बाणकोटच्या खाडीतून बोट येई, त्यापुढे सडक. हाच या खोऱ्याचा मुंबईचा रस्ता होता, आणि या रस्त्याने पोलादपूर-महाडचे चाकरमानी परळ-लालबागच्या गिरण्यांत गेले, गावकीच्या खोल्यांत वीस-वीस जण राहिले, महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर करीत राहिले. पुढे त्याच परळात, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात, हिंदुस्थानातील कर्करोगाचे एक प्रमुख इस्पितळ उभे राहावे हा योगायोग आमच्या भागास मोठा उपकारक ठरला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढल्याच वर्षी गेले. आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. गावातून आलेल्या बाईला मुंबईत अन्यत्र जाण्यास पत्ता विचारीत फिरावे लागले असते. परळ तिच्या नवऱ्याला पायाखालचे होते. ‘परळला नेले’ हे दोन शब्द सावित्रीकाठच्या बोलीत एक स्वतंत्र अर्थ घेऊन रुळले, आणि ते उच्चारताना आवाज खाली उतरे, कारण परळला नेलेली माणसे बहुधा फार उशिरा नेलेली असत.

त्या काळची शस्त्रक्रिया तरी काय होती? अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड याने १८९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीने संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र कापून काढीत. बाई वाचली तरी हात सुजलेला आणि छाती खपाटीला गेलेली राही. ही कथा ऐकूनच कितीएकींनी गाठ लपविली असेल. पुढे मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेचे बर्नार्ड फिशर यांनी १९८० च्या दशकात सप्रमाण सिद्ध केले की गाठ लहान असेल तर तेवढीच काढून उरलेल्या स्तनावर किरणोपचार केल्याने आयुर्मानात उणे येत नाही. येथून पुढे लवकर निदानाचा अर्थच बदलला. लवकर आलेल्या बाईचा जीव तर वाचतोच, परंतु बहुधा तिचा स्तनही वाचतो, आणि ज्या भयाने ती घरी थांबत होती त्या भयाचा पायाच निघून जातो. ही गोष्ट गावात जितकी पोहोचावयास हवी तितकी आजही पोहोचलेली नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

टाटा रुग्णालयाच्या विकृतिविज्ञान विभागाचे आद्य प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली एक मराठी तरुणी संशोधनास लागली होती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील जीवशास्त्राचे अध्यापक समर्थ यांची ही कन्या, ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेली कमल, विवाहानंतर डॉ. कमल रणदिवे. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि परत येऊन १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. म्हणजे देहाबाहेर, काचेच्या बशीत, पेशी जगवून त्यांचे वर्तन न्याहाळण्याची सोय मुंबईत झाली. उंदरांच्या निरनिराळ्या वंशांतील स्तनाचा कर्करोग, त्यावरील आनुवंशिकतेचा व अंतःस्रावांचा प्रभाव, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. ज्या अवयवाचे नाव घरात उच्चारत नसत त्याच्या विकारावर एका मराठी स्त्रीने आपले आयुष्य वेचावे, १९८२ साली पद्मभूषण व्हावे, आणि तिचे नाव आमच्या शाळांच्या भिंतींवर क्वचितच आढळावे, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

दप्तरातला रकाना बदलण्याचे काम मात्र मोजदाद करणाऱ्यांनी केले. १९५१ साली डॉ. जसावाला व नवल टाटा यांनी भारतीय कर्करोग संस्था स्थापन केली आणि तिच्या विद्यमाने १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाली. लोकसंख्येच्या आधारावर चालणारी देशातील ही पहिली नोंदणी. इस्पितळे, प्रयोगशाळा, महानगरपालिकेचे मृत्यूचे दाखले, सर्वत्र हिंडून तिच्या कारकुनांनी प्रत्येक रोग्याची एकच नोंद होईल अशी फेरिस्त तयार केली, आणि दशकांमागून दशके ती चालली तेव्हा असे दिसले की शहरातील स्त्रियांत पूर्वी प्रथम क्रमांकावर असलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग मागे पडत गेला आणि स्तनाचा कर्करोग पुढे आला. उशिरा विवाह, उशिरा पहिले मूल, थोडी मुले, अंगावर पाजण्याचा काळ कमी, वाढलेले वजन, वाढलेले आयुष्य, अशी त्याची कारणे सांगतात. आणि ही सारी राहणी सडकेने, एस. टी. ने, कोकण रेल्वेने आता महाडपर्यंत आलेली आहे. देशात आज वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने होतो आणि सुमारे ९८ हजार त्याने मृत्यू पावतात, असा २०२२ चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

खेड्यासाठी मोजदादीचा धडा बार्शीने घालून दिला. टाटा रुग्णालयाच्या साह्याने १९८७ साली बार्शीस ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांत मुंबईची रीत चालणार नाही हे उघड होते, कारण तेथील बरेचसे रोगी कोणत्याच इस्पितळाच्या दप्तरात नव्हते. म्हणून नोंदणीचे सेवक स्वतः गावोगाव फिरू लागले, पारावर बसून बोलू लागले, कोणत्या लक्षणाने वैद्याकडे जावे हे सांगू लागले. मोजावयास गेलेल्या माणसांना बोलावे लागले म्हणून त्यांनी बोलणे केले, आणि काही वर्षांत असे आढळले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत व अधिक वाचू लागल्या आहेत. यंत्र काही नव्हते. पायी फिरणे आणि बोलणे एवढेच होते.

याच विचाराची कसोटी मुंबईत लागली. स्तनाचे क्षकिरण चित्र घेणारी मॅमोग्राफीची यंत्रे श्रीमंत देशांत घरोघरच्या स्त्रियांना उपलब्ध झाली होती, परंतु ती यंत्रे व ती पाहणारे तज्ज्ञ आपल्या खेड्यांत पुरणे अशक्य. मग डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. वीस वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन व काख हाताने तपासावी. उरलेल्या वस्त्यांत एकदा आरोग्यशिक्षण द्यावे. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीच्या वस्त्यांत पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रोग शेकडा ३७ होता, इतर वस्त्यांत ४७. मृत्यूंत एकंदर घट शेकडा १५ दिसली, पण ती योगायोगाने असू शकेल इतकी अनिश्चित. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र ती जवळजवळ शेकडा ३० भरली आणि ती निश्चित होती. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत असा लाभ आढळला नाही, आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. शिकलेल्या हाताने, नियमाने, यंत्रावाचून तपासल्याने बाई वाचते, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर दाखविण्याचा मान मुंबईच्या त्या सेविकांच्या बोटांस द्यावा लागतो.

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगणे भाग आहे. चीनमधील शांघायच्या कापडगिरण्यांशी संबंधित २,६६,०६४ स्त्रियांच्या मोठ्या प्रयोगात निम्म्या स्त्रियांस स्वतःचे स्तन पद्धतशीर तपासण्याचे धडे दिले गेले. २००२ च्या निष्कर्षात त्यांच्या मृत्यूंत काही फरक पडला नाही, उलट निरुपद्रवी गाठींवरील शस्त्रक्रिया वाढल्या. आरशासमोरील कवायत पुरेशी नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. हातास गाठ लागली तर ती बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, हे बाईला ठाऊक असावे. आणि ती कोणती आहे हे बोटांनी वा नवसाने न ठरविता डॉक्टरने सुईने पेशी काढून ठरवावे, व ते याच महिन्यात ठरवावे, हेही ठाऊक असावे. आई, मावशी किंवा बहीण यांपैकी कोणाला हा रोग झाला असल्यास तिने विशेष जपावे. न दुखणारी गाठ, कातडीवर पडलेली खळी, आत ओढलेले बोंड, त्यातून येणारा रक्ताळ स्राव, काखेतील गाठ, एवढी ओळख गाईच्या दगडीइतकीच घरोघर हवी.

खानोलकर व रणदिवे यांच्या संशोधन केंद्राचा वारसा सांगणारी संस्था या शतकाच्या आरंभी परळहून खारघरला हलली. कुलाब्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले असल्यामुळे, आणि खारघर पनवेल तालुक्यात असल्यामुळे, कमल रणदिवे यांच्या प्रयोगशाळेची परंपरा आता पोलादपूरच्याच जिल्ह्यात नांदते आहे. तेथील एका इमारतीस खानोलकरांचे नाव आहे. पण जिल्हा एक झाला म्हणून अंतर सरले नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतील पूल वाहून गेला; २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपुरातही दरडी आल्या, रस्ते तुटले. किरणोपचारांसाठी आठवडेच्या आठवडे मुंबईत राहावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर बरे, नाहीतर कोणाच्या तरी चाळीत. आणि मागे गोठा, मुले, शेत. या खोऱ्यातील बाई ‘पुढल्या महिन्यात बघू’ म्हणते तेव्हा तिच्या म्हणण्यामागे हा सारा हिशोब असतो.

२०१६ पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शनानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी गावपातळीवर व्हावयाची आहे, आणि तिची पहिली पायरी म्हणजे आशाताईंनी घरोघर भरावयाचा एक साधा छापील तक्ता. वय काय, तंबाखू किंवा मिश्री आहे काय, कमरेचा घेर किती, घरात कोणाला रक्तदाब-मधुमेह आहे काय, असे विचारीत विचारीत आशाताई खालच्या प्रश्नांपर्यंत येते: स्तनात गाठ आहे काय, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो काय, आकारात काही फरक पडला आहे काय. ओटीवर पुरुष बसलेले असले तर ती तक्ता मिटते, ‘वहिनी, जरा आत चला’ म्हणते, चुलीपाशी बसते आणि आवाज खाली आणून तेच प्रश्न पुन्हा विचारते. या प्रत्येक प्रश्नासमोर ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने आहेत.